लोणंद मोठं कशानं झालं?

(वाडीवस्तीच्या शिबिरात केलेलं भाषण)

म्हाताऱ्या माणसांनी पुढं सरका, मागं ऐकू येत नाही.

मला वनहक्क कायद्यावर बोलायला सांगितलंय. पण आधी लोणंदचं सांगतो. आपल्यातले बरेच जण फलटणकडं कोळशाच्या भट्टीवर जाताना लोणंदला उतरलेत. मीही बापाबरोबर लहानपणी उतरायचो. स्टेशनाबाहेर कांद्याच्या गोण्यांची थप्पी बघायची, भेळ मागायची, बाप म्हणायचा पुढं चल.

तालुका खंडाळा. कचेरी खंडाळ्याला. मग एवढी मोठी बाजारपेठ लोणंदला का? इंग्रजांनी पुणे-मिरज रेल्वे काढली, ती खंडाळ्यावरून गेलीच नाही. जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार अशी गेली. स्टेशन आलं तिथं माल आला, माल आला तिथं व्यापारी आला, आडत आली. कांदा तर लोणंदचाच म्हणून ओळखला जातो. नीरेच्या उजव्या कालव्यानं त्या पट्ट्यात बागायत वाढली. पुढं एमआयडीसी झाली. 2019 ला फलटणची रेल्वेही लोणंदहूनच सुरू झाली.

आणि आषाढीच्या वारीत माउलींची पालखी नीरास्नान करून लोणंदला मुक्कामाला येते. लाखभर माणूस उतरणार कुठं? त्यासाठी पालखीतळ राखलेला आहे.

आता बघा, स्टेशनाला जागा, बाजाराला जागा, तळाला जागा, कालव्याला जागा. हे सगळं कागदावर. गाव वाढलं ते नुसतं माणसं कष्टाळू म्हणून नव्हे. कष्टाळू तर आपणही आहोत की! त्याच बाजारात आपल्या बायांनी कांदा निवडलाय. पण आपली वाडी कागदावर कुठंय? आजा इथंच मेला, तरी मी एका कचेरीत दाखल्याला गेलो तर साहेब म्हणाला, अशी वाडीच नाही आमच्याकडं. मी म्हणालो, मग मी कुठून आलो?

2006 च्या कायद्यात कलम 3 मध्ये लिहिलंय, वनगावं आणि नोंद नसलेल्या वस्त्यांना महसुली गाव करून घ्यायचा हक्क आहे. 2012 ला नियम सुधारले. त्यात म्हटलंय की गाव धरताना नुसती घरं धरायची नाहीत. गाव जशी जमीन वापरतं ती सगळी, शिवाय आज आणि उद्या शाळा, दवाखाना, सार्वजनिक कामाला लागंल ती जागाही धरायची.

इथंच आपण चुकतो. मागच्या महिन्यात दोन वाड्यांचे नकाशे बघितले. घरं काढलीत, शेतं काढलीत, बस्स. खळं नाही, मसणवटा नाही, देवाची जागा नाही, पाणवठ्याची वाट नाही, पोरांची लग्नं झाल्यावर घरं कुठं बांधणार ते नाही. एकदा गावाची हद्द बारीक ठरली की वाढवायला पुन्हा हेलपाटे घालत बसा.

तर ग्रामसभेच्या आधी प्रत्येक वाडीनं शिवारफेरी करा. म्हाताऱ्यांना बरोबर घ्या, त्यांचा जबाब लिहून घ्या, कायद्यात तोही पुरावा धरतात. बायांना विचारा, सरपण, पाणी, कंद कुठले ते त्यांनाच माहीत. आणि आठवडी बाजार भरवायचा झाला तर कुठं, तेही नकाशावर काढा. हसू नका. लोणंदलाही एके काळी स्टेशन नव्हतं.

शिवारफेरी कोणत्या वाडीत कधी, ते आता इथंच ठरवू. वही कोणाकडं आहे?