गोड बातमीच्या आधी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सॉफ्टवेअरबद्दल बोलायला सांगितलं होतं. पण ते तुम्ही रोज मुलांकडून ऐकताच, म्हणून परवानगी घेऊन विषय बदलला आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या मुली आता अठरा-वीसच्या झाल्यात. दहावीच्या विज्ञानातला प्रजननाचा धडा आपल्याला 'घरी वाचून या' म्हणून सांगितला होता. बाई समोर बसून हसतायत! त्यांचा दोष नाही, तो काळच तसा होता. आज त्या धड्याच्या आधीचं पान वाचू या.

आपल्याकडे सुनेचे, लेकीचे लाड सुरू होतात ते गोड बातमी कळल्यावर. डोहाळजेवण तर सातव्या महिन्यात. पण गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांतच बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी बंद होते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. ही नळी नीट बंद झाली नाही, तर बाळात जन्मतः गंभीर दोष राहतो.

तो टाळायला मोठी मदत करतं फॉलिक अ‍ॅसिड. ब्रिटनमधल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून ही गोळी घेतली, तेव्हा तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. मूल होऊ द्यायचं ठरवल्यापासून पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम, हे नेहमीचं प्रमाण. आधी असं बाळ झालं असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर जास्त मात्रा लागू शकते. ती डॉक्टरच ठरवतील.

या गोष्टीचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ च्या अखेरीस मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा त्या अभ्यास करत होत्या. यीस्टच्या साध्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक अ‍ॅसिड.

रक्तक्षय मात्र अजून गेलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये तो आढळला. तो नऊ महिन्यांत भरून काढण्यापेक्षा आधीच भरून काढणं सोपं.

माझं स्वतःचं सांगते. लग्नानंतर वर्षभराने ऑफिसच्या तपासणीत माझं थायरॉइड कमी निघालं. डॉक्टर म्हणाल्या, "आधी गोळी सुरू करू, तीन महिन्यांनी रक्त पुन्हा बघू, मग पुढचा विचार करा." घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी काही बघत नव्हतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "माझं पहिलं मूल का गेलं, ते मला आजवर कुणी सांगितलं नाही. तू थांब." त्या घरात माझ्या बाजूने पहिल्यांदा बोललं ते त्यांनीच.

म्हणून मुलींना इतकंच सांगा. मूल हवं असेल त्याच्या निदान तीन महिने आधी डॉक्टरांना भेटा. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तदाब तपासून घ्या. रुबेलाची लस झाली आहे का, ते विचारा. ती गरोदरपणात देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर तरी दिवस जाऊ द्यायचे नसतात. चालू औषधं डॉक्टरांना दाखवा, मनाने बंद करू नका. मिश्री, तंबाखू असेल तर सोडा.

आणि मित्रांनो, हे फक्त बायकांचं प्रकरण नाही. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा अंश दोघांमध्येही असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तेव्हा रक्त मुलाचंही तपासायला हवं. घरातली सिगारेटही बहुधा त्याचीच असते.

एक मात्र पथ्य पाळू या. मूल हवं की नको, आणि कधी, हे त्या मुलीने ठरवायचं. अंगात रक्त पुरेसं असणं ही तिची स्वतःची गरज आहे, आई होवो वा न होवो. आणि सगळी काळजी घेऊनही काही विपरीत घडलं, तर "काय खाल्लंस, काय केलंस" असं तिला विचारू नका.

लग्न ठरलं की आपण हौसेने केळवणं करतो. यापुढे केळवणाला बोलावताना दोघांना हळूच विचारा, "डॉक्टरांकडे जाऊन आलात का?" लाजतील थोडे. लाजू देत.