आपला भाव, आपली वाणी



आपल्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे 1886 साली कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला. देशातील तो पहिला मानला जातो. रुमालाखाली बोटे दाबून ठरणारा भाव अशा बाजारांमुळेच पुढे उघड बोलीवर आला.

आम्ही छोटे दुकानदार मात्र अजून रुमालाखालीच बोलतो! गिऱ्हाइकाने आठी घातली की दर उतरवितो, उधारी मागताना अडखळतो, शहरी माणसापुढे वऱ्हाडी बोली लपवितो. अशानेच आमचे पहिले भांडवल बुडाले. पुढे खरेदी, हमाली, भाडे नि स्वतःचे श्रम यांचा हिशेब नित्य मांडू लागलो, तेव्हा कोठे भाव सांगताना आवाज कापेनासा झाला.

बंधूंनो, आत्मविश्वास वक्तृत्वाने नव्हे, चोख हिशेबाने येतो. ज्याचा हिशेब स्वच्छ, त्याला वाणी उसनी आणावी लागत नाही.