गेलेला प्रवाह परत येतो

एक सेल, एक बल्ब आणि दोन अ‍ॅमीटर. शाळेच्या प्रयोगशाळेत एवढं साहित्य मांडावं आणि स्विच दाबण्याआधी मुलांना विचारावं: बल्बच्या अलीकडचा अ‍ॅमीटर जास्त दाखवेल की पलीकडचा? बरीच मुलं अलीकडचा म्हणतात. बल्ब पेटला म्हणजे त्याने थोडा प्रवाह खाल्लाच असणार, हा त्यांचा हिशेब. स्विच दाबला की दोन्ही काटे एकाच आकड्यावर थांबतात.

आजच्या व्याख्यानाचा भर या एकाच गोष्टीवर आहे. परिपथात जेवढा प्रवाह निघतो, तेवढाच परत येतो. खर्च होते ती ऊर्जा. बिलावरचं युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. ते ऊर्जेचं माप आहे, प्रवाहाचं नव्हे.

विजेला पाण्याची उपमा देण्याची जुनी रीत आहे. दाब, धार, अरुंद नळी इथवर ती उपयोगी पडते. पण नळाचं पाणी वापरून झालं की मोरीतून निघून जातं, आणि गैरसमज तिथेच रुजतो. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन आधीपासून खच्चून भरलेले असतात. सेल त्यांना फक्त ढकलतो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेतून 1 अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर इलेक्ट्रॉन तासाला जेमतेम 25 सेंटिमीटर सरकतात. तरी बल्ब लगेच पेटतो, कारण ढकलण्याचा परिणाम साऱ्या तारेभर जवळपास एकदमच पोहोचतो. घरातल्या वीजपुरवठ्यात तर ते सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होतात, त्यामुळे रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधला इलेक्ट्रॉन प्रवास करत घरातल्या दिव्यापर्यंत येतच नाही.

सेलचा अखंड प्रवाह माणसाच्या हाती आला 1800 साली. इटलीतल्या व्होल्टाने दोन धातूंच्या चकत्या आणि खाऱ्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे एकावर एक रचले. मात्र त्या सेलचा दाब वापरता वापरता उतरत असे. जर्मनीत कोलोन इथे शाळेत शिकवणाऱ्या गेऑर्ग ओहमला हीच अडचण आली. त्याने मग बिस्मथ आणि तांबं यांचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्याच्या उष्णतेत आणि दुसरं बर्फात ठेवलं. तापमानातला फरक कायम, म्हणून दाबही कायम. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्याने 1826 मध्ये जे मोजलं, त्यातून नियम निघाला: दाबाला रोधाने भागलं की प्रवाह मिळतो. हातातलं साधन डळमळीत आहे हे ओळखून आधी ते स्थिर करणं, ही त्याची खरी कर्तबगारी.

पुढे 1845 मध्ये गुस्ताव किरखॉफने, विद्यार्थिदशेतच, वयाच्या 21व्या वर्षी, दुसरा नियम मांडला. तारा कुठेही जुळोत, त्या सांध्यात जेवढा प्रवाह शिरतो तेवढाच बाहेर पडतो.

हे दोन नियम घरात रोज दिसतात. 230 व्होल्टवर 40 सारखे बारके बल्ब एकसर जोडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा व्होल्ट येतात. एक उडाला की अख्खी माळ विझते. घरातले दिवे, पंखे समांतर जोडलेले असतात. प्रत्येकाला पूर्ण 230 व्होल्ट मिळतात आणि सगळ्यांचे प्रवाह मुख्य तारेत एकत्र येतात. 100 वॉटचा जुना बल्ब अर्ध्या अँपिअरहूनही कमी घेतो, 2000 वॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. एकाच बोर्डावर गीझर आणि इस्त्री चालली की एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह झाला की पुरवठा तोडणारा स्विच, का पडतो, ते या बेरजेत कळतं.

पण एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नव्हे. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. 230 व्होल्टला हजाराने भागलं की येतात 230 मिलिअँपिअर. एवढ्याने हृदयाचा ठोका बिघडून जीव जाऊ शकतो, आणि 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याची जाणीवही होत नाही.

इथे आरसीसीबी कामाला येतो. त्यात फेज आणि न्यूट्रल, म्हणजे जाणारी आणि परतीची तार, दोन्ही एकाच लोखंडी कड्यातून जातात. गेलेला आणि आलेला प्रवाह सारखा असेल, तर दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना मारतात. ओल्या हाताने कोणी उघड्या फेजला शिवलं, तर काही प्रवाह अंगातून जमिनीत जातो आणि तेवढा परतीत कमी पडतो. घरगुती वापराच्या उपकरणात 30 मिलिअँपिअरची तफावत पुरते. क्षणार्धात पुरवठा तुटतो. किरखॉफचा नियम इथे अक्षरशः जीव वाचवतो, म्हणून पावसाळ्याआधी प्रत्येक घरात हे उपकरण असावं आणि त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून पाहावं, असा या व्याख्यानाचा आग्रह आहे.

त्याची मर्यादाही याच नियमातून येते. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आली, तर अंगातून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधूनच परततो. हिशेब जुळतो, आरसीसीबी पडत नाही. बोर्ड उघडण्याआधी मेन स्विच बंद करायचा तो यासाठी. आणि मग टेस्टरने एकदा तपासायचं.