धोका सांगणाऱ्याची जबाबदारी



 तापत्या पृथ्वीचा धोका लोकांना कोणी आणि कसा सांगावा, हा दापोलीतील या पर्यावरण संमेलनाचा यंदाचा विषय आहे.

२३ जून १९८८. नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांची अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष होती. देशात दुष्काळ होता, वॉशिंग्टन उकाड्याने हैराण झाले होते. पृथ्वीचे तापमान वाढणे हा निसर्गाचा नेहमीचा चढउतार नाही, याची ९९ टक्के खात्री असल्याचे त्यांनी सांगितले. ते विधान जगभर गाजले. मला त्याच साक्षीतले दुसरे विधान अधिक मोलाचे वाटते: अमुक एक दुष्काळ हरितगृह परिणामामुळेच पडला असे म्हणता येत नाही, पण अशा घटनांची शक्यता त्यामुळे वाढते. अख्खा देश होरपळत असताना एवढा संयम राखायला धैर्य लागते.

तो संयम सुटला की काय होते, तेही जगाने पाहिले. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे हवामानबदलावरील संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००७ च्या अहवालात छापले गेले. त्याला आधार नव्हता. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीला खेद व्यक्त करावा लागला. अहवालाचे मुख्य निष्कर्ष भक्कम होते. चर्चा मात्र त्या एका वाक्याचीच झाली.

म्हणून गप्प बसावे का? मुळीच नाही. मालदीवचे अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये वाढत्या समुद्रपातळीचा धोका दाखवण्यासाठी मंत्रिमंडळाची बैठक समुद्राच्या पाण्याखाली घेतली. ज्या देशाची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर आहे, त्याच्या नेत्याला तो अधिकार होता.

बोलण्याचा अधिकार आपल्यालाही आहे. ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ वादळ इथे कोणी विसरलेले नाही. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. ते एकच वादळ तापमानवाढीच्या माथी मारू नये. पण अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यातली तीव्र वादळे वाढली आहेत, हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. आमच्या आमदारांनी, सरपंचांनी, कीर्तनकारांनी हे एवढेच, पण ठामपणे सांगावे.

वक्त्यांना माझी विनंती आहे: इथे जे मांडाल, ते हर्णैच्या बंदरावर मच्छीमारांसमोरही मांडा आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्या.