संगणकाचे स्वाध्ययन : विनामूल्य साधनाची निवड



२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या स्तरावर कोडिंगचा, म्हणजे संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याचा, परिचय सुचविला आहे. मुरबाड-शहापूरकडील एखाद्या मुलाने याविषयी विचारले असता आपण निरुत्तर राहू नये, म्हणून आज हा विषय घेतला आहे. शिकण्याची विनामूल्य साधने उदंड आहेत. अडचण आहे ती निवडीची.

माझेच उदाहरण सांगतो. पन्नाशीनंतर मी एकामागून एक चार अभ्यासक्रम आरंभिले आणि एकही तडीस नेला नाही. एक इंग्रजीपायी अडला, दुसरा नेटवर्कअभावी खुंटला, तिसऱ्याने प्रमाणपत्रासाठी शुल्क मागितले. चौथा मी नुसताच पाहत राहिलो. काठावर बसून पोहणे येत नाही, हे मुलांना सांगणारा मी स्वतः काठावरच बसलो होतो.

पुढे पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे पाठ हाती घेतले. सी भाषेचे पाठ तेथे मराठीत ऐकावयास मिळतात. पाठ लहान असतात आणि उतरवून घेतल्यास नेटवर्कवाचूनही चालतात. थोडे पाहावे, थांबवावे, तीच कृती आपल्या संगणकावर करावी, अशी त्यांची रीत आहे.

याच रीतीने मी हजेरीची टक्केवारी काढणारी आज्ञावली लिहिली. पट ४०, हजर ३७. आधी भागाकार, मग शंभराने गुणाकार. उत्तर आले शून्य! सी भाषेत पूर्णांकास पूर्णांकाने भागले असता अपूर्णांक गळून पडतो, हे तेव्हा उमगले. आधी गुणिले, तेव्हा ९२ आले. दशांश संख्या योजिल्यावर ९२.५. त्या एका चुकीने जे शिकविले, ते चार अभ्यासक्रमांनी शिकविले नव्हते.

म्हणून साधन निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. भाषा आपणांस समजते काय? शाळेतील संगणकावर ते चालते काय? शुल्क कोठे आड येते काय? आणि ते आपल्या हातून काम करवून घेते काय? केवळ नावलौकिकास भुलू नये. पायथॉन भाषा नवशिक्यास सोपी खरी. परंतु तिची अधिकृत पाठमाला मुख्यत्वे ज्यांना आज्ञावली लिहिता येते अशांसाठी आहे. कसोटीस उतरेल ते एकच साधन धरावे आणि पुरे करावे.

पुढील शिक्षण परिषदेस प्रत्येकाने स्वतः लिहिलेली एक छोटी आज्ञावली आणावी. तीत झालेली चूक व तिची दुरुस्तीही सोबत आणावी. मीही माझी आणीन.