लखनौच्या तंबूतील भेट

लखनौत सरकारी नोकरी करणाऱ्याच्या वाट्याला थोरामोठ्यांची सरबराई बरीच येते. स्वागताच्या त्या गर्दीत अर्ज घेऊन उभा असलेला एखादा खेडूत हमखास दिसतो. पाहुणा अर्ज घेतो, मंद हसतो आणि कागद मागच्याच्या हाती देतो. त्या कागदाचे पुढे काय होते ते मला ठाऊक आहे. म्हणूनच राजकुमार शुक्ल या शेतकऱ्याविषयी मला विलक्षण आदर वाटतो.

डिसेंबर १९१६ मध्ये लखनौला राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. लोकांचे डोळे लागले होते ते लोकमान्य टिळकांकडे. सुरतेच्या फुटीला नऊ वर्षे लोटली होती आणि मंडालेचा कारावास भोगून ते राष्ट्रसभेत परतले होते. गांधीजींचे नाव आफ्रिकेतील लढ्यामुळे झाले होते खरे, परंतु इथल्या राजकारणात ते नवखेच. शुक्ल आले होते ते बिहारातील चंपारणातून. नेपाळच्या सीमेला लागून असलेला तो मुलूख. तेथे बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत मळेवाल्या साहेबांसाठी नीळ लावणे कुळांना भाग होते. हे गाऱ्हाणे घेऊन शुक्ल व्रजकिशोरबाबू या वकिलांना गांधीजींच्या तंबूत घेऊन गेले. चंपारण हे नावही गांधीजींना तोवर ठाऊक नव्हते! स्वतः पाहिल्यावाचून मत देणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मग ठराव व्रजकिशोरबाबूंनीच मांडला व सभेने तो एकमताने संमत केला. आमच्या कचेरीच्या भाषेत, प्रकरण निकालात निघाले.

शुक्लांच्या लेखी ते तेथे सुरू झाले. ठरावाने त्यांचे समाधान होईना. त्यांना माणूस हवा होता. गांधीजी कानपुरास गेले तर हे तेथे हजर. चंपारण येथून जवळच आहे, एक दिवस द्या, एवढेच मागणे. अहमदाबादच्या आश्रमातही ते पोहोचले आणि आता तारीखच सांगा म्हणाले. कलकत्त्यास गांधीजी भूपेंद्रनाथ बसूंच्या घरी उतरले, तो शुक्ल आधीच येऊन बसलेले. अखेर एप्रिल १९१७ मध्ये दोघे पाटण्याच्या गाडीत बसले. १८ एप्रिलला मोतीहारीच्या न्यायालयात गांधीजींनी जिल्हा सोडण्याचा हुकूम मोडल्याचे कबूल केले, आणि १९१८ साली कायद्यानेच निळीची सक्ती उठली.

दरम्यान तेथील खेड्यांत शाळा निघाल्या आणि शिकवायला महाराष्ट्रातून माणसे गेली. मुंबईहून बबनराव व अवंतिकाबाई गोखले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन. हिंदी येत नाही, मग शिकवायचे कसे, हा त्यांचा रास्त प्रश्न. गांधीजींनी सांगितले की व्याकरणापेक्षा स्वच्छता आणि चांगली वागणूक शिकवायची आहे. भितिहरव्याची झोपडीवजा शाळा एका रात्री जळून खाक झाली. सोमण आणि डॉ. देव यांनी तेथे विटांची पक्की इमारत उभी केली. पाहुण्याच्या एका दिवसाचे असे किती दिवस झाले!

अवंतिकाबाईंनी १९१८ साली गांधीजींचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले. त्याला प्रस्तावना लिहिली ती लोकमान्य टिळकांनी.