विमान चुकलं, डोळा वाचला



लेकीकडे सिंगापूरला गेलो आणि उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. डावा आधीच अधू. ऑपरेशन तिथंच झालं. पडदा जागेवर बसावा म्हणून डॉक्टरांनी डोळ्यात गॅस भरला. मी विचारलं, “शनिवारचं विमान आहे, जाऊ ना?” ते म्हणाले, “उंचावर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो. डोळा कायमचा जाऊ शकतो.” गॅस विरेपर्यंत ७ आठवडे थांबलो, त्यातला पहिला आठवडा मान खाली घालून.

म्हणून सांगतो, परदेशात डोळ्याचं ऑपरेशन असेल तर आधीच विचारा : गॅस भरणार का? विमानात कधी बसू? घरी परतल्यावर तपासणार कोण? तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. औषधाचे थेंब आणि कागदपत्रं हातातल्या बॅगेत ठेवा.

आज तुमचे चेहरे दिसताहेत, ते त्या चुकलेल्या विमानामुळे.